ब्रिटनमधील युरोपविषयक सार्वमते (१९७५ व २०१६) : जनमताचा प्रादेशिक अभ्यास

प्रस्तावना :
राजकीय व आर्थिक संघात राहावे की त्यातून बाहेर पडावे, हा प्रश्न ब्रिटनने ४१ वर्षांच्या अंतराने दोनदा मतदारांपुढे ठेवला. ५ जून १९७५ रोजी ६७.२ टक्के मते युरोपीय आर्थिक समुदायात राहण्याच्या बाजूने पडली; २३ जून २०१६ रोजी ५१.९ टक्के मते युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. यावरून ‘राष्ट्राचे मत बदलले’ असा निष्कर्ष सामान्यतः काढला जातो. प्रदेशनिहाय आकडेवारी पाहता तो अपुरा ठरतो.

मतप्रवाहांची अदलाबदल :
१९७५ मध्ये सदस्यत्वास इंग्लंडमध्ये ६८.७, वेल्समध्ये ६४.८, स्कॉटलंडमध्ये ५८.४ व उत्तर आयर्लंडमध्ये ५२.१ टक्के पाठिंबा होता. २०१६ मध्ये हेच प्रमाण अनुक्रमे ४६.६, ४७.५, ६२ व ५५.८ टक्के झाले. म्हणजे सर्वाधिक अनुकूल असलेला इंग्लंड सर्वाधिक प्रतिकूल झाला, तर साशंक प्रदेश समर्थक बनले.

या बदलास पक्षीय इतिहासही कारणीभूत आहे. १९७५ मध्ये मजूर पक्षाच्या विशेष अधिवेशनाने व स्कॉटिश नॅशनल पार्टीने सदस्यत्वास विरोध केला होता. हुजूर पक्ष मार्गारेट थॅचर यांच्या नेतृत्वाखाली सदस्यत्वाच्या बाजूने होता. १९८८ मध्ये जॅक देलोर यांनी ब्रिटिश कामगार संघटनांपुढे युरोपच्या सामाजिक धोरणाची मांडणी केली. त्याच वर्षी स्कॉटिश राष्ट्रवाद्यांनी ‘युरोपांतर्गत स्वातंत्र्य’ हे धोरण स्वीकारले. याउलट १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारानंतर हुजूर पक्षात सार्वभौमत्वाचा वाद तीव्र झाला. २००४ च्या विस्तारानंतर स्थलांतराच्या प्रश्नाची त्यात भर पडली.

बहुमताचा निकष :
१ मार्च १९७९ रोजी स्कॉटलंडमधील स्वतंत्र विधिमंडळाच्या प्रस्तावास ५१.६ टक्के मते मिळाली होती. तथापि एकूण नोंदणीकृत मतदारांपैकी ४० टक्क्यांची अट पूर्ण न झाल्याने तो बारगळला. २०१५ च्या सार्वमत कायद्यात मात्र अशी कोणतीही अट नव्हती. चारही घटक प्रदेशांत बहुमत आवश्यक असावे, ही स्कॉटिश सरकारची मागणीही अमान्य झाली. ७२.२ टक्के मतदान लक्षात घेता, २०१६ मधील विजयी बाजूस एकूण मतदारांपैकी सुमारे ३७ टक्क्यांचा पाठिंबा होता. १९७९ चा निकष लावला असता तर हा निर्णयही बारगळला असता.

समारोप :
३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघाबाहेर पडला. स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड यांनाही बहुमत नसताना बाहेर पडावे लागले. जनमत मोजण्यापूर्वी ‘जन’ कोण आणि पुरेसे ‘मत’ किती, हे कायदाच ठरवतो. म्हणून सार्वमताच्या इतिहासात निकालाइतकाच त्याच्या नियमांचा अभ्यास महत्त्वाचा ठरतो.