चालकाविना भाड्याची मोटार : एका अमेरिकी प्रथेची कुळकथा

महाराष्ट्रात प्रवासासाठी गाडी ठरवली की तिच्यासोबत चालक येतो, हे आजही बव्हंशी गृहीत धरले जाते. हा चालक गाडी हाकण्यापलीकडे आणखी दोन कामे करत असतो : अनोळखी मुलखात तो वाटाड्या असतो आणि प्रवास संपेपर्यंत तो मालकाच्या वतीने त्याच्या मालमत्तेवर लक्ष ठेवून असतो. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चालकाला वगळून नुसती गाडीच ग्राहकाच्या हाती सोपवण्याचा धंदा उभा राहिला, तेव्हा ही तिन्ही कामे कोणावर तरी सोपवणे भाग होते. त्या देशात लांबच्या मोटारप्रवासाचे बेत आखण्याची आणि त्यासाठी गाडी भाड्याने घेण्याची आजची रीत या कामांच्या वाटणीतूनच घडत गेली.

मोटारीपूर्वी अमेरिकेतील गावोगावी भाड्याच्या घोड्यांचे आणि बग्ग्यांचे तबेले होते आणि तेथे सारथ्याशिवायही बग्गी मिळत असे. मात्र तबेल्याचा मालक आपल्या बहुतेक गिऱ्हाइकांना ओळखत असे, शिवाय घोड्याची दिवसाची मजल मर्यादित असल्यामुळे माल फार दूर जाण्याचा धोका नसे. मोटारीने ही मर्यादा मोडली. सकाळी दिलेली गाडी संध्याकाळपर्यंत मालकाच्या ओळखीच्या टापूबाहेर जाऊ शकत होती आणि ती किती पळवली गेली हे परत आल्यावर नुसत्या नजरेने सांगता येत नव्हते.

या दुसऱ्या अडचणीवरचा तोडगा नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरात निघाला. तेथील जो सॉन्डर्स याने १९१६ मध्ये फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ मोटार भाड्याने देण्यास सुरुवात केली आणि तिच्या पुढच्या डाव्या चाकाला मैलमापक, म्हणजे चाकाच्या फेऱ्यांवरून अंतर मोजणारे यंत्र, बसवले. भाडे मैलाला दहा सेंट होते. मालकाची नजर अशा रीतीने एका यंत्रात उतरली आणि वापर तितके मोल हे तत्त्व रूढ झाले. गाडी हाकण्याच्या पहिल्या कामाचा प्रश्न ‘मॉडेल टी’नेच बऱ्याच अंशी सोडवला होता. १९०८ मध्ये बाजारात आलेल्या या गाडीची किंमत १९१३ पासून सरकत्या जुळणी-पट्ट्यावर होऊ लागलेल्या उत्पादनामुळे झपाट्याने उतरली, तिचा प्रसार देशभर झाला, आणि तीन पायपट्ट्यांची तिची चमत्कारिक रचना हाताळता येणारी माणसे सर्वत्र सापडू लागली. चालक-परवान्याची प्रथा १९०३ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि मिसूरी या राज्यांत सुरू झाली होती, परंतु ती सर्व राज्यांत पोहोचण्यास पुढे अनेक दशके गेली.

१९१८ मध्ये शिकागोत वॉल्टर जेकब्स या तरुणाने बाराएक ‘मॉडेल टी’ गाड्यांवर हाच धंदा मांडला आणि १९२३ मध्ये तो जॉन हर्ट्झ याला विकला. ऑस्ट्रिया-हंगेरीतून बालपणी शिकागोत आलेला हर्ट्झ तेव्हा टॅक्सींच्या धंद्यातील मोठा कारखानदार होता. म्हणजे चालकासह गाडी देणाऱ्यानेच चालकाविना गाडी देण्याचा धंदा विकत घेतला, आणि त्याला नावही स्वतःचे दिले. दारूबंदीच्या त्या काळात चोरटी दारू वाहणारे आणि दरोडेखोर भाड्याच्या गाड्यांचा आडोसा घेत असल्याने या व्यवसायाकडे संशयाने पाहिले जाई. अनामत रकमेचा आग्रह आणि ग्राहकाची कसून चौकशी यांची मुळे या संशयात आहेत.

वाटाड्याचे काम मात्र गाडीमालकाच्या आवाक्यातले नव्हते. आरंभीच्या प्रवासी पुस्तकांत कोणत्या चर्चपाशी डावीकडे आणि कोणत्या पुलापाशी उजवीकडे वळावे अशी वळणावळणाची वर्णने असत, तर १९१३ च्या ‘लिंकन हायवे’सारखे नावांनी ओळखले जाणारे मार्ग खांबांवर रंगवलेल्या पट्ट्यांवरून शोधावे लागत. १९२६ मध्ये देशभरातील महामार्गांना क्रमांक देण्यात आले, त्यांत पूर्व-पश्चिम मार्गांना सम आणि उत्तर-दक्षिण मार्गांना विषम अंक मिळाले. शिकागोहून कॅलिफोर्नियाकडे जाणारा प्रसिद्ध मार्ग ६६ हा त्याच योजनेतला. अंक आणि नकाशा यांची सांगड बसल्यावर परक्या माणसालाही कोणाला न विचारता राज्ये ओलांडता येऊ लागली. पेट्रोलपंपांवर फुकट मिळणारे तेल कंपन्यांचे नकाशे, १९२४ पासूनचा रँड मॅक्नॅली कंपनीचा रस्त्यांचा नकाशासंग्रह, आणि दाराशी गाडी उभी करून उतरता येईल अशी ‘मोटेल’ नावाची निवासगृहे, ज्यांतील पहिले १९२५ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन लुईस ओबिस्पो येथे उघडले, या साऱ्यांनी मिळून वाटाड्याची जागा घेतली. १९५६ च्या कायद्याने ४१,००० मैलांचे आंतरराज्य महामार्गांचे जाळे हाती घेतले गेले आणि त्याच्या खर्चाचा नव्वद टक्के भार केंद्र सरकारने उचलला, तेव्हा ही व्यवस्था जवळजवळ पूर्णत्वास गेली.

तथापि हा वाटाड्या सर्वांशी सारखा वागत नव्हता. कृष्णवर्णीय प्रवाशाला नकाशावरील मार्ग खुला असला, तरी त्या मार्गावरील मोटेल, उपाहारगृह किंवा पेट्रोलपंपावरील स्वच्छतागृह खुले असेलच अशी खात्री नव्हती, आणि काही गावांत सूर्यास्तानंतर थांबणेही त्याला धोक्याचे होते. म्हणून न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपाल कर्मचाऱ्याने १९३६ पासून ‘ग्रीन बुक’ ही पुस्तिका काढली. कृष्णवर्णीयांना सन्मानाने आश्रय देणाऱ्या ठिकाणांची त्यात शहरवार यादी असे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर अल्पावधीतच तिचे प्रकाशन थांबले. प्रवासाचा बेत आखणे हे एका समाजासाठी हौसेचे, तर दुसऱ्यासाठी जीव जपण्याचे काम होते, हे या पुस्तिकेवरून स्पष्ट होते.

मालकाच्या पहाऱ्याचे तिसरे काम विमानतळांमुळे नव्याने अवघड झाले. हर्ट्झ कंपनीने १९३२ मध्ये शिकागोच्या मिडवे विमानतळावर शाखा उघडली होती, आणि १९४६ मध्ये वॉरन एव्हिस या माजी हवाईदल अधिकाऱ्याने डेट्रॉइटजवळच्या विलो रन विमानतळावर केवळ विमानप्रवाशांसाठी आपला धंदा थाटला. विमानातून उतरणारा ग्राहक हजार मैलांवरून आलेला, पूर्णतः अपरिचित असे. त्याच्या विश्वासार्हतेचा दाखला पुढे पतपत्राने, म्हणजे क्रेडिट कार्डाने, दिला. १९५० मध्ये निघालेल्या ‘डायनर्स क्लब’पासून हे पत्र सार्वत्रिक होत गेले, तसतशी रोख अनामत मागे पडली आणि तिच्या जागी पतपत्रावरील काही रक्कम तात्पुरती अडकवून ठेवण्याची पद्धत आली. याउलट सेंट लुईस येथे १९५७ मध्ये जॅक टेलर याने सात गाड्यांनिशी काढलेली आणि पुढे ‘एंटरप्राइझ’ या नावाने वाढलेली कंपनी विमानतळापासून दूर, वस्त्यांमध्ये रुजली. स्वतःची गाडी दुरुस्तीला गेलेला शेजारपाजारचा माणूस हा तिचा मुख्य ग्राहक होता.

आजच्या करारपत्रातील बहुतेक कलमे या इतिहासाचेच अवशेष आहेत. नुकसानीची जबाबदारी ग्राहकावर टाकायची आणि जादा शुल्क घेऊन ती माफ करायची, या तरतुदीला ‘कोलिजन डॅमेज वेव्हर’ म्हणतात. काटेकोर अर्थाने तो विमा नसून कंपनीने आपला भरपाईचा हक्क सोडण्याचा करार असतो, आणि तिसऱ्या व्यक्तीला झालेल्या इजेचा विमा त्याहून वेगळा घ्यावा लागतो. ग्राहकाने केलेल्या अपघाताला गाडीमालक म्हणून कंपनीला जबाबदार धरण्याची काही राज्यांतील तरतूद, कंपनीचा स्वतःचा हलगर्जीपणा नसल्यास, २००५ च्या एका केंद्रीय कायद्याने निष्प्रभ केली. पंचवीस वर्षांखालील चालकाचे अधिक शुल्क, दुसऱ्या चालकाची नोंद आणि गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्यात सोडण्याचा आकार हेही त्याच कुळातले.

अमेरिकेत आप्तांकडे गेलेल्या मराठी पर्यटकाला याच यंत्रणेतून जावे लागते. भारतातील आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना एक वर्ष चालतो आणि तो मूळ परवान्यासोबतच दाखवायचा असतो. राज्याराज्यांचे नियम आणि कंपन्यांच्या अटी निरनिराळ्या असल्यामुळे गाडी ठरवण्यापूर्वी त्या पाहणे आवश्यक ठरते. दिवसाचे जाहीर भाडे आणि अंतिम बिल यांत जे अंतर पडते, ते बरेचसे चालकाच्या अनुपस्थितीचे मोल असते, कारण ग्राहक मालकाला जितका अपरिचित, तितकी त्या अनिश्चिततेची किंमत अधिक. म्हणूनच करारपत्र वाचताना प्रत्येक शुल्क चालकाच्या तीन कामांपैकी कोणत्या कामाच्या बदल्यात आकारले जाते हे तपासले, तर कोणता खर्च टाळण्याजोगा आहे आणि कोणता नाही, याचा निवाडा सोपा होतो.