दक्षिणेकडे निघालेला तांडा

घर बरोबर घेऊन हिवाळ्यात दक्षिणेची वाट धरण्याची हौस आज अमेरिकेत पुष्कळ आढळते. उत्तरेत बर्फ पडू लागले, की निवृत्त माणसे मोटारीवर उभारलेल्या घरात बसून फ्लोरिडाकडे निघतात. आपल्या देशातही असाच प्रवास शतकानुशतके चालत आला. मात्र त्यामागे हौस नव्हती, पोटाची निकड होती. आणि हे पोट केवळ प्रवाशांचे नव्हे, तर मुलुखाचे होते. हा प्रवास म्हणजे बंजाऱ्यांचा तांडा.

रायपूर आणि त्याभोवतीचा छत्तीसगड हा तळ्यांचा व भाताचा प्रदेश. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा येथे उतरल्या आणि १७५८ ते १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून येथला कारभार पाहिला. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १७९५ साली, कॅप्टन ब्लंट हा इंग्रज अधिकारी चुनारहून निघून रतनपूर, रायपूर, कांकेर या मार्गाने गोदावरीकडे गेला. सुबत्तेच्या वर्षी येथले धान्य निजामाच्या मुलखात आणि आंध्र किनाऱ्यावरील उत्तर सरकारांत पोहोचविण्यास लाखभर बैल लागतात, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. पक्का रस्ता नाही, नद्यांवर पूल नाहीत, वाटेत घनदाट अरण्य. अशा स्थितीत हे काम गाडीचे नव्हते. ते पाठीवर गोणी घेतलेल्या बैलाचेच होते.

भात कापून, मळून हाती येतो तो कार्तिक-मार्गशीर्षात. त्याच सुमारास चिखल वाळतो, नद्या उतरतात. तेव्हा तांडा निघायचा तो हिवाळ्यातच. परंतु हा हिवाळा भरवशाचा नसे. निघताना बंगालच्या उपसागरातील वादळाची भीती. पुढे किनाऱ्याकडे उतरावे, तर तेथे ईशान्येचा पाऊस रेंगाळलेला. पौष-माघात उत्तरेचे वारे झोंबत असताना एकाएकी आभाळ भरून येई व मावठ कोसळे. फाल्गुनाच्या तोंडाशी गारपीट. जाताना धान्य भिजले तर त्याला कोंब फुटत. येताना पाठीवर समुद्राचे मीठ असले, तर एका पावसात भांडवलच विरघळून जाई. एवढ्या जनावरांचा चारा-पाणी पाहून मुक्कामाची जागा निवडायची, गोणी रचून झाकायच्या आणि आभाळ पाहून कूच करायचे की थांबायचे ते ठरवायचे, हा भार नाइकावर असे. त्याचा अंदाज चुकला, तर दूरच्या बाजारातील धान्याचा भाव चढे.

या तांड्यांचे आकारमान आज खरे वाटू नये असे होते. १६३२ साली आग्र्याहून पाटण्यास जाताना पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याला धान्याने लादलेल्या १४ हजार बैलांचा तांडा भेटला. बायकामुले व सारा संसार बरोबर होता, आणि दिवसाची चाल सहा-सात मैलांहून अधिक नव्हती. इतका संथ चालणारा हा समाज मोगलांच्या, मराठ्यांच्या आणि पुढे इंग्रजांच्याही फौजांना रसद पुरवीत आला. राज्ये एकमेकांशी लढली, पण तांडा प्रत्येकाला हवा होता.

हा धंदा मोडला तो आगगाडीने. १८८० च्या दशकाच्या आरंभी नागपूरहून निघालेले रूळ राजनांदगावला भिडले. १९०० साली रायपूरहून दक्षिणेस धमतरीपर्यंत अडीच फुटी रुंदीचा चिमुकला लोहमार्ग सुरू झाला; तेलीबांधा हे त्याच मार्गावरील एक स्थानक. आता मावठाची भीती राहिली नाही, आणि बैलाची गरजही राहिली नाही. एकविसाव्या शतकात शहरातले ते रूळही उखडले गेले व त्या पट्ट्यावर मोटारींचा द्रुतगती मार्ग झाला.

माणसांचे काय झाले, हा प्रश्न मात्र रुळांहून मोठा आहे. काम गेलेला भटका इंग्रजी कारभाराच्या दृष्टीने संशयित ठरला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या छायेखाली पुढे काही प्रांतांत बंजारेही ओढले गेले. ज्यांच्या गोणींवर लष्करे जगली, त्यांना हजेरीसाठी चौकीत उभे राहावे लागले. हा कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९६३ मध्ये, बंजारा समाजात जन्मलेले वसंतराव नाईक महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. राज्य अन्नधान्यात स्वावलंबी व्हावे हा त्यांनी धरलेला ध्यास होता. पिढ्यान्‌पिढ्या मुलुखाला धान्य पोहोचविणाऱ्या समाजाच्या पुत्राला तो शोभणाराच होता.