बायपोलर विकार आणि जीवनमान

उन्माद (मॅनिया) आणि अवसाद (डिप्रेशन) यांचे झटके आलटूनपालटून येणाऱ्या या विकारात जीवनमान खालावते ते मुख्यतः अवसादामुळे. उन्माद चारचौघांत दिसतो, म्हणून बोलबाला त्याचाच. ल्युइस जड व सहकाऱ्यांच्या २००२च्या अमेरिकी अभ्यासात या विकाराच्या पहिल्या प्रकारच्या (बायपोलर-१) १४६ रुग्णांचे जवळपास निम्मे आठवडे लक्षणांत गेले. त्यांत अवसादाचे आठवडे उन्मादाच्या तिपटीहून अधिक होते. मधल्या शांत काळातही झोप, एकाग्रता, नोकरी पूर्ववत होतेच असे नाही. घरच्यांना मात्र ‘आता बरा आहे’ असेच वाटते. रुग्णांशी बोलून तयार झालेली, २०१०मध्ये प्रसिद्ध झालेली ५६ विधानांची प्रश्नावली म्हणूनच मनःस्थितीबरोबर झोप, पैसा, घरकाम, आत्मसन्मान, स्वावलंबन आणि आजारापलीकडची स्वतःची ओळखही मोजते.