भुईकोटांच्या मुलखातील डोंगरी किल्ला

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर व दौंड हे तालुके मावळात मोडत नाहीत. घोड व भीमा या नद्यांच्या खोऱ्यांतील हा मुलूख बव्हंशी सपाट, काळ्या जमिनीचा, ज्वारीचा आणि अलीकडे उसाचा आहे. पश्चिमेच्या कडेला यवतजवळ भुलेश्वराचा डोंगर आहे व त्यावर दौलतमंगळ हा किल्लाही आहे. परंतु तो पुरंदर तालुक्यात पडतो. बाकी दृष्टी जाईल तिकडे माळ, मळे आणि नदीकाठचे डोह. अशा या मुलखात दिवाळीच्या सुट्टीत मुले अंगणात जो किल्ला उभारतात, तो मात्र जवळजवळ नेहमी डोंगरी किल्ला असतो. त्याला तुटलेला कडा असतो, वळणावळणाने चढणारी वाट असते, माथ्यावर बालेकिल्ला असतो आणि त्यात सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराजांची मूर्ती असते. मुलाच्या डोळ्यांसमोर जो भूप्रदेश आहे त्याची ही प्रतिकृती नव्हे. मग ती कशाची प्रतिकृती आहे, हा प्रश्न दिसतो तितका बालिश नाही.

या भागाला स्वतःचा दुर्गेतिहास नाही असे म्हणण्याची सोय नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वसाहत उजेडात आली. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० हा तिचा काळ. तेथे तटबंदी मानले गेलेले मातीचे बांधकाम व खंदक सापडले, आणि न भाजलेल्या मातीच्या स्त्रीमूर्ती व बैलही सापडले. (यावरून आजच्या मातीच्या मावळ्यांपर्यंत सलग परंपरा ओढून आणणे उतावीळपणाचे होईल, एवढेच की, या मातीला आकार घेण्याची सवय जुनी आहे.) पुढच्या काळाचे पाहावयाचे तर दौंड तालुक्याच्या सीमेलगत, भीमेच्या उत्तर तीरावर, श्रीगोंदे तालुक्यातील पेडगाव येथे बहादूरगड हा भुईकोट उभा आहे. मोगलांचा दक्षिणेतील सुभेदार बहादूरखान कोकलताश याच्यावरून त्याला हे नाव मिळाले. संगमेश्वर येथे पकडले गेलेल्या संभाजी महाराजांना फेब्रुवारी १६८९ मध्ये औरंगजेबापुढे आणण्यात आले ते याच ठिकाणी. मार्चमध्ये त्यांचा वध झाला. त्यांची समाधी वढू बुद्रुक येथे, म्हणजे शिरूर तालुक्यातच आहे. मराठ्यांच्या इतिहासातील एका अत्यंत दारुण प्रकरणाची ही दोन स्थळे या मुलांच्या घरापासून सायकलीच्या अंतरावर आहेत. तरीही अंगणात उभा राहतो तो रायगड, राजगड किंवा नुसता ‘किल्ला’.

किल्ल्याची रचना कशी होते ते पाहिले म्हणजे प्रश्नाची दुसरी बाजू ध्यानात येते. प्रथम दगड-विटांचा ढीग रचतात. त्यावर पातळ गाऱ्यात बुडविलेले गोणपाट पसरतात. त्याच्या चुण्यांतून डोंगराच्या सोंडा व घळी आपोआप तयार होतात. वर मातीचा लेप येतो. येथे देशावरच्या मातीचा स्वभाव आडवा येतो. शेतातली काळी माती वाळली की आकसते आणि तिला भेगा पडतात, म्हणून जाणती मुले गावठाणाची पांढरी माती शोधतात किंवा काळीत शेण व भुसा मिसळतात. ‘काळी’ म्हणजे शेत आणि ‘पांढरी’ म्हणजे वस्ती हा मराठी ग्रामव्यवस्थेतला जुना भेद पुष्कळशा शहरी मुलांना पुस्तकातही भेटत नाही. येथील मुलाला तो हाताने कळतो. मग हळीव किंवा मोहरी पेरावयाची, चार-पाच दिवसांत कोंब वर येतात, आणि ती हिरवळ शेळ्यांच्या तोंडी पडू नये म्हणून राखण करावयाची. तटाला गेरू, दरवाजाला काव, वाटेला रांगोळी. शेवटी बाजारातून आणलेली चित्रे मांडतात. तांबड्या पागोट्याचा मावळा, तोफ, गवळण, पहिलवान, गुहेतला वाघ. पायथ्याच्या गावात खेळण्यातील मोटारही येते, आणि दौंडसारख्या जंक्शनच्या गावी आगगाडी आली तर तिला कोणी हरकत घेऊ नये.

आता प्रमाणाचा विचार करू. मावळ्याचे चित्र तीन इंच उंचीचे धरले आणि माणूस साडेपाच फुटांचा धरला, तर प्रमाण १/२२ येते. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच आहे. त्याची निम्मी उंची डोंगराची म्हणून धरली तरी त्याच प्रमाणात अंगणात साठ फुटांची टेकडी उभारावी लागेल. प्रत्यक्षात किल्ला कंबरेएवढा असतो. म्हणजे एकाच रचनेत डोंगराचे माप एक आणि माणसाचे माप दुसरे. शिवाय महाराजांची मूर्ती बहुधा मावळ्याच्या दुप्पट, हे तिसरे. यास अज्ञान म्हणणे सोपे आहे. परंतु जुन्या शिल्पपटांत व चित्रांत राजा सेवकांपेक्षा मोठा दाखविला जातो, तेव्हा त्यास कोणी अज्ञान म्हणत नाही. अशा रचनेत मोठेपणा मोजलेला नसतो, मानलेला असतो.

याच्या उलट टोकाला, प्रमाण हेच ज्याचे सर्वस्व आहे असा एक छंद विसाव्या शतकात वाढला. तो म्हणजे सुट्या प्लास्टिक भागांचे संच जोडून व रंगवून प्रतिकृती करण्याचा. त्यातील प्रमाणे इंच-फुटांच्या हिशेबातून आली. १/७२ म्हणजे एका इंचाला सहा फूट. हे प्रमाण १९३० नंतरच्या दशकात इंग्लंडात विमानांच्या प्रतिकृतींसाठी रूढ झाले. त्याच्या निम्मे १/१४४, म्हणजे एका इंचाला बारा फूट. रणगाड्यांच्या प्रतिकृतींत सर्वमान्य झालेल्या १/३५ ची कुळकथा मात्र वेगळी आहे. शिझुओका येथील तामिया या जपानी कंपनीने १९६१ च्या सुमारास पँथर रणगाड्याचा संच केला. त्याच्या पोटात विजेची मोटर व दोन बॅटऱ्या मावतील एवढे आकारमान ठरविले, आणि ते आकारमान मोजले तेव्हा १/३५ हे प्रमाण निघाले. म्हणजे काटेकोरपणाचे प्रतीक समजला जाणारा आकडाही बॅटरीच्या लांबी-रुंदीतून जन्मला. अंगणातील किल्ल्याच्या उंचीचे कारणही गोणपाटाच्या लांबीत सापडावे, असा हा प्रकार आहे.

तरीही विमान किंवा रणगाडा ही वस्तू जगात असते. वाद पडला तर तिच्याकडे बोट दाखविता येते. ज्या वस्तूला अस्तित्वच नाही तिची प्रमाणबद्ध प्रतिकृती शक्य आहे काय? जपानमधील ‘मेका’ चित्रमालिकांच्या चाहत्यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर प्रतिकृतीच्या कोणत्याही अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगे आहे. मानवाने आत बसून चालवावयाच्या महायंत्रांच्या या कथा. आपल्याकडे त्यांचे एक दूरचे भावंड, ‘जायंट रोबो’ ही जपानी मालिका, १९८० नंतरच्या दशकात दूरदर्शनवर दिसले होते. त्यांतील ‘मोबाइल सूट गंडम’ ही योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शित केलेली मालिका ७ एप्रिल १९७९ रोजी सुरू झाली. प्रेक्षकसंख्या कमी भरल्यामुळे योजलेल्या ५२ भागांऐवजी ती ४३ भागांतच, जानेवारी १९८० मध्ये आटोपली. जुलै १९८० मध्ये बंदाई या कंपनीने तिच्यातील यंत्राचा १/१४४ प्रमाणाचा संच ३०० येनला विक्रीस आणला, आणि बंद पडलेल्या कथेला या संचांनी पुन्हा उठवून बसविले. कथेत ते यंत्र १८ मीटर उंच सांगितले आहे. १८ मीटरला १४४ ने भागले की साडेबारा सेंटिमीटर येतात. नसलेल्या वस्तूची उंची अशी पट्टीने मोजता येऊ लागली. गंडम आणि प्लास्टिक मॉडेल यांचा संकोच होऊन ‘गनप्ला’ हा शब्द जपानीत रूढ झाला, हे या छंदाच्या व्याप्तीचे भाषिक प्रमाण होय.

आरंभीच्या संचांतील भागांना फारसे रंग नसत. ते डिंकाने जोडावे व कुंचल्याने रंगवावे लागत. कुशल चाहते केवळ मूळ रंग देऊन थांबले नाहीत. रणगाड्यांच्या प्रतिकृतींत रूढ असलेल्या रीतीने त्यांनी गंज, काजळी, ओरखडे, सांध्यांतली धूळ हेही रंगविले. जी लढाई कधी झाली नाही तिच्या खुणा अशा रीतीने यंत्राच्या अंगावर उमटल्या. मग वाद सुरू झाले. अमुक यंत्राची छटा पडद्यावरची मानावयाची की ‘खरी’? एवढ्या वजनाचे यंत्र अवकाशात दिशा कशी बदलते? १९८१ मध्ये ‘गंडम सेंच्युरी’ हे पुस्तक निघाले आणि अशा प्रश्नांना त्यात तांत्रिक परिभाषेची जोड मिळाली. त्यातील कित्येक कल्पना पुढे मूळ कथाविश्वात सामावल्या गेल्या. १९८३ पासून तर पडद्यावर कधीही न दिसलेल्या यंत्रभेदांचे संच एका स्वतंत्र मालिकेत निघू लागले. कथेने प्रतिकृतीला जन्म दिला होता. आता प्रतिकृती कथेत भर घालू लागली.

या तुलनेतून निघणारा निष्कर्ष असा की, प्रतिकृतीची निष्ठा वस्तूशीच असते असे नाही. ती कथेशी असते, आणि ती पारखण्याचे साधन पट्टीइतकेच शब्द हेही असते. शिरूर-दौंडमधील किल्ल्यासमोर पाहुणा उभा राहिला की मुले बोट ठेवून सांगतात: हा महादरवाजा, ही माची, हा चोरदरवाजा, हे टाके, हे दारूकोठार. ज्याला नावे सांगता आली त्याचा किल्ला खरा. या शब्दांची कुळे निरनिराळी आहेत. किल्ला व बुरूज अरबी, दरवाजा फारसी, बालेकिल्ल्यातील ‘बाला’ म्हणजे वरचा हेही फारसी, माची संस्कृत मंचाशी नाते सांगणारी. शिवकाळातच राजव्यवहारकोशाच्या दुर्गवर्गात या क्षेत्रातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय योजले गेले. ते कोशातच राहिले आणि बुरूज तोंडी राहिला. परंतु येथे महत्त्वाचा भेद व्युत्पत्तीचा नसून वापराचा आहे. या मुलखातील मुलाला वेस, गढी व बुरूज हे शब्द गावातूनच मिळतात, कारण पडका का होईना, बुरूज त्याने पाहिलेला असतो. माची, कडा, चोरदरवाजा हे त्याला चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकाने, पोवाड्याने व पडद्याने दिलेले असतात. बाबूराव पेंटरांचा ‘सिंहगड’ १९२३ चा आणि प्रभातचा १९३३ चा. तेव्हापासून डोंगरी किल्ल्याचे चित्र सह्याद्रीपासून दूरच्या गावांतही चालत आले आहे. मावळातील मुलगा किल्ला रचतो तो स्मरणाने. देशावरचा मुलगा रचतो तो श्रवणाने. त्या अर्थाने तो जपानी चाहत्याचा अधिक जवळचा नातलग आहे. भेद एवढा मोठा आहे की, त्याने ऐकलेला किल्ला जगात खरोखर आहे, आणि त्यासाठी माणसे खरोखर मेली आहेत.

अलीकडे किल्ला-स्पर्धांमुळे या प्रश्नाला धार आली आहे. परीक्षक विशिष्ट ऐतिहासिक किल्ल्याची हुबेहूब प्रतिकृती, नकाशा व माहितीफलक यांची अपेक्षा ठेवतात. बेताल मापाचा मावळा व पायथ्याची मोटार यांना गुण कमी पडतात. अभ्यासाला यामुळे वळण लागते हे नाकारता येणार नाही. परंतु याच काळात तयार साच्याचे प्लास्टरचे किल्ले व रंगविलेली चित्रे बाजारात आली, आणि काटेकोरपणाची मागणी विकत आणून पुरविणे सोपे झाले. साच्यातला किल्ला मापाने अधिक बरोबर असेल. त्याला काळी आणि पांढरी यांतला फरक मात्र ठाऊक नसतो. परीक्षकांनी हुबेहूबपणाला जे गुण ठेवले आहेत त्यांतले निम्मे हाताच्या मातीला ठेवावेत, असे म्हणणे वावगे होणार नाही.

यापेक्षा गंभीर गोष्ट दुसरी आहे. विशिष्ट किल्लाच हवा असा नियम असूनही निवड डोंगरी किल्ल्यांचीच होते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत डोंगरी आहेत, किनाऱ्यावरचे आहेत, बेटांवरचे आहेत. सपाट जमिनीवरचा भुईकोट एकही नाही. स्वराज्याची कथा डोंगरावर घडली, हे खरेच आहे. पण तिचा एक अध्याय भीमेच्या काठी सपाटीवर घडला; तो विजयाचा नाही, आणि ज्या किल्ल्यात घडला तो शत्रूचा होता. सणाच्या दिवशी अंगणात तो मांडावा असे कोणाला सहसा वाटत नाही, यात नवल नाही. तथापि पडद्यावर न दिसलेली यंत्रेही कथेतली मानून चाहत्यांनी ती जोडली व रंगविली. येथे तर पाठात आलेली आणि घराजवळ उभी असलेली वास्तूच मांडणीबाहेर राहिली आहे.

पेडगावचा कोट आज धर्मवीरगड या नावानेही ओळखला जातो. तट, दरवाजे, लक्ष्मीनारायणाचे व भैरवनाथाचे देऊळ, नदीचे पाणी वर घेण्यासाठी केलेले बांधकाम, इतके तेथे अजून दाखविता येते. तो रचावयाचा तर गोणपाट लागणार नाही आणि दगडांचा ढीगही नको. १/२२ च्या मावळ्यालाही तेथे उंचीची अडचण पडणार नाही, कारण तट माणसाच्या मापाशी पुष्कळच जवळचा आहे. फक्त अंगणाची एक कड खोल उकरून भीमेचे पात्र करावे लागेल, आणि मधल्या मोकळ्या जागेत कोणते चित्र ठेवावयाचे हे मुलांना ठरवावे लागेल.