काळ, काम आणि सस्पेन्स अकाउंट

माणसानं बी.कॉम. व्हावं, बँकेत चिकटावं आणि काळाच्या भानगडीत पडू नये, असं माझं पहिल्यापासून मत होतं. काळाशी आम्हा कारकुनांचा संबंध दोनच ठिकाणी यावा. एक मुदत ठेवीच्या पावतीवर आणि दुसरा संध्याकाळी भिंतीवरच्या घड्याळात. पण दैवाला हे बघवलं नाही. एकीकडे माझी बदली न्हावा शेव्याच्या शाखेत झाली आणि दुसरीकडे आमच्या चिरंजीवांना 'डॉक्टर हू'चा नाद लागला.

"कसला डॉक्टर आहे?" मी पहिल्या दिवशी भाबडेपणानं विचारलं.

"बाबा, तो काळातून प्रवास करतो."

"मग बरोबर. आपलाही तेच करतो. साडेनऊची वेळ देतो आणि साडेबाराला उगवतो."

चिरंजीव हसला नाही. भक्तांना विनोद चालत नाहीत, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्यानं मग मला तासभर इतिहास सांगितला. मी तो पदवीधराच्या चिकाटीनं पडताळून पाहिला, आणि जे हाती आलं ते वाचकांच्या सेवेला सादर आहे.

ही मालिका लंडनच्या बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. आदल्याच दिवशी अमेरिकेत केनेडींचा खून झालेला, त्यामुळे लोकांचं लक्ष भलतीकडे. म्हणून पुढच्या आठवड्यात पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला. काळाच्या मालिकेनं पहिल्याच आठवड्यात काळ मागं नेला! पहिली कथा दिग्दर्शित केली वारिस हुसेन या लखनौत जन्मलेल्या तरुणानं. नायक कुठल्याशा परग्रहावरचा, आणि त्याचं वाहन म्हणजे एक निळी पेटी. पूर्वी इंग्लंडात रस्त्याच्या कडेला पोलिसांना बोलावण्याच्या चौक्या असत, तसली. बाहेरून दिसते कपाटाएवढी आणि आत शिरलं की वाडा. आमच्या शाखेचं नेमकं उलट आहे.

१९६६ साली या डॉक्टरचं काम करणारे विल्यम हार्टनेल प्रकृतीनं थकले. दुसरी एखादी मालिका गुंडाळली गेली असती. यांनी युक्ती काढली, की हा माणूस मरायला टेकला की त्याचं शरीर बदलतं. इसम तोच, चेहरा नवा. पॅट्रिक ट्रॉटन आले आणि गाडी चालू राहिली. आम्हा बँकवाल्यांना यात काही नवल वाटलं नाही. खातं तेच, मॅनेजर नवा.

पण एवढी वर्षं मालिका चालली, लिहिणारे बदलत गेले, आणि एकानं लिहिलेलं दुसऱ्याला आठवेना. १९७६ साली तर गंमतच झाली. वर्षाच्या सुरुवातीला एका कथेत डॉक्टरचे जुने चेहरे म्हणून काही भलतेच चेहरे पडद्यावर दाखवले. म्हणजे हार्टनेलच्या आधीही तो कुणी होता! आणि त्याच वर्षाच्या शेवटी दुसऱ्या कथेत नियम सांगितला, की चेहरा बाराच वेळा बदलता येतो. तेरा जन्म झाले की खातं बंद. एकाच वर्षात दोन नोंदी, आणि त्यांचा आपसात मेळ नाही.

आता बँकेत एखादी नोंद जुळेना तर आम्ही काय करतो? ती 'सस्पेन्स अकाउंट'मध्ये टाकतो. म्हणजे रक्कम खरी आहे, पण कुणाची, कशाची, ते अजून कळलेलं नाही. कळलं की काढू. चाहत्यांच्या अटकळी, ज्यांना आमचा मुलगा 'थिअरी' म्हणतो, त्या म्हणजे दुसरं काही नाही. पगार न घेता रात्री बसून सस्पेन्सच्या नोंदी जुळवणारे हे कारकूनच आहेत. हे लक्षात आलं त्या दिवसापासून मला त्यांच्याबद्दल जिव्हाळा वाटू लागला.

एक नमुना पाहा. ट्रॉटनच्या डॉक्टरला १९६९ साली त्याच्याच लोकांनी शिक्षा दिली : चेहरा बदलून पृथ्वीवर हद्दपार. प्रकरण संपलं. पण १९८५ साली जुन्याच चेहऱ्याचा हा डॉक्टर पाहुणा म्हणून पुन्हा एका कथेत आला, तर केस पांढरे झालेले आणि ज्यांनी शिक्षा दिली त्यांचंच काम करत हिंडतोय. आता केस पांढरे झाले कारण ट्रॉटनसाहेब सोळा वर्षांनी म्हातारे झाले, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण चाहत्याला ते चालत नाही. त्यांनी तर्क लढवला, की शिक्षा झाली खरी, पण अंमलबजावणी लगेच झालीच नाही. मधली काही वर्षं त्याला गुपचूप सरकारी कामाला लावलं होतं. आणि कमाल अशी की शिक्षेची मूळ कथा लिहिणाऱ्या दोघांपैकी एक, टेरन्स डिक्स, यांनी २००५ सालच्या आपल्या कादंबरीत हीच अटकळ उचलली. वाचकानं हिशेब लावला आणि लेखकानं सही केली!

बाराच्या नियमाची नोंद २०१३ सालच्या नाताळात निकाली निघाली; डॉक्टरला नवे जन्म मंजूर झाले. त्या जादा चेहऱ्यांची नोंद निघायला २०२० साल उजाडलं. डॉक्टरचे हार्टनेलच्या आधीही जन्म झाले होते, असं मालिकेनं अधिकृतपणे सांगून टाकलं. चव्वेचाळीस वर्षं थकलेली नोंद! आमच्या इन्स्पेक्शनवाल्यांनी तोपर्यंत तीन मॅनेजरांची पेन्शन अडवली असती.

चिरंजीव हे सगळं अशा थाटात सांगत होता की जणू काळाचा शोध इंग्रजांनी लावला. मग मात्र माझा मराठी बाणा जागा झाला. म्हटलं, "बाळ, आमच्याकडे रैवत ककुद्मी राजा मुलीसाठी स्थळ विचारायला ब्रह्मलोकात गेला. तिथे गाणं चाललं होतं म्हणून जरा थांबला, तर इकडे सत्तावीस चतुर्युगं उलटली. म्हणजे अकरा कोटी सहासष्ट लाख चाळीस हजार वर्षं. परत येऊन पाहतो तर मनातली सगळी स्थळं पोराबाळांसकट गेलेली. शेवटी रेवती बलरामाला दिली. आणि आम्ही लहान असताना, १९८९ साली, दूरदर्शनवर 'इंद्रधनुष' लागायची. मुलं, संगणक आणि काळातला प्रवास. त्यात गिरीश कर्नाड होते आणि तुमचा तो करण जोहरसुद्धा."

"मग तुम्ही थिअऱ्या करायचात?"

"करत होतो. दर आठवड्याला वीज नेमकी त्याच वेळी का जाते, याची."

पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, मुलाला खरं ते सांगायचं राहिलं. कारण चाहत्यांची सगळ्यांत मोठी थिअरी मराठी माणसानं टीव्ही यायच्या दोनशे वर्षं आधी केली होती. १४ जानेवारी १७६१. पानिपत. ती बातमी म्हणे सावकारी पत्रातून हिशेबाच्या भाषेत आली; मोती किती गेले, मोहरा किती आणि खुर्द्याची तर मोजदादच नाही. आमच्या धंद्यातल्या माणसानं लिहिलेला सगळ्यांत दुःखी ताळेबंद! त्या ताळेबंदातली सदाशिवरावभाऊंची नोंद मात्र लोकांना काही केल्या मान्य होईना. भाऊ पडलेच नाहीत, कुठेतरी आहेत, येतील. पार्वतीबाई तर स्वतःला विधवा मानायलाच तयार नव्हत्या, असं सांगतात. आणि ही अटकळ इतकी बळावली की एक दिवस ती दोन पायांवर चालत आली! सुखनिधान नावाचा एक तोतया 'मीच भाऊ' म्हणून उभा राहिला. १७७६ साली रत्नागिरीच्या कैदेतून सुटला, कोकणातले किल्ले त्याच्या हाती आले, फौज घाटाकडे निघाली. महादजी शिंद्यांनी ते बंड मोडलं. मग गडी समुद्राकडे पळाला तो इथेच, आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर, कुलाब्याच्या राघोजी आंग्र्यांच्या हाती सापडला आणि पुण्यात त्याला देहदंड झाला. त्याच्यामागे जे गेले ते सगळेच काही मूर्ख नसणार. त्यांना फक्त ती नोंद तशी बंद करायची नव्हती.

जयंत नारळीकरांनी पुढं 'गंगाधरपंतांचे पानिपत' लिहिलं. विश्वासरावांना गोळी लागलीच नाही आणि मराठे जिंकले, अशा दुसऱ्या जगात एक इतिहासाचे प्राध्यापक जाऊन पोचतात. खगोलशास्त्रज्ञ माणूस, पण सल तीच. आपण काही केंब्रिजला गेलो तरी पानिपताची नोंद बरोबर घेऊन जातो.

असो. आता आमच्या शाखेतली गोष्ट सांगतो, म्हणजे लेख टॅली होईल.

आमच्याकडे दर महिन्याला एक नाखवा येतात. वय ऐंशीच्या पुढं. पासबुक भरून घेणं हे निमित्त. खरं म्हणजे एसीत जरा बसायचं. ते मूळचे शेवा कोळीवाड्याचे. आता नकाशात शेवा म्हणून बोट ठेवाल तिथे कंटेनर आहेत. बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं, त्यासाठी कोळीवाडा त्याआधीच उठला आणि उरणजवळ हनुमान कोळीवाडा म्हणून वसवला गेला. तिथल्या घरांना वाळवी लागली, आणि पुन्हा दुसरी जागा द्या ही मागणी पुढं कित्येक वर्षं चालली. जमिनींची कथा त्याहून लांब. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले. जासई-पागोट्याच्या बाजूला गोळीबार झाला आणि पाच माणसं गेली. त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं धोरण आलं. बंदराला जमिनी दिलेल्यांपैकी काहींच्या हातात त्याचे कागद पडायला २०१४ साल उजाडलं. शिक्षा झाली आणि अंमलबजावणी मध्येच कुठं राहिली, हे लंडनच्या चाहत्यांना सोळा वर्षांचं कोडं वाटतं. आमच्या भागात त्यासाठी थिअरी लागत नाही.

गेल्या मे महिन्यात चिरंजीव माझा विसरलेला डबा घेऊन शाखेत आला. गर्दी नव्हती. नाखव्यांशेजारी बसला आणि बोलता बोलता त्यांना निळ्या पेटीची कथा सांगू लागला. मी काउंटरवरून ऐकत होतो.

नाखव्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "मना सांग पोरा, ती पेटी आमच्या शेव्याला नेशील? बंदर याच्या आदी?"

"नेता येईल, आजोबा. पण थांबवता नाही येणार. काही घटना पक्क्या असतात. इटलीत पॉम्पेई नावाचं गाव होतं, सन ७९मध्ये ज्वालामुखीखाली गेलं. डॉक्टर तिथे जातो, पण त्याला ते गाव वाचवता येत नाही. त्याच्याबरोबरची बाई फार रडते, तेव्हा तो एक घर वाचवतो."

"येकच घर?"

"एकच."

"मंग कुनाचा?" नाखवा म्हणाले. "ह्यो कोन ठरवतं?"

पोरगा गप्प झाला. साठ वर्षांच्या मालिकेतल्या सगळ्या थिअऱ्या त्याला पाठ होत्या. यावर एकही नव्हती. मी उगीचच दोन व्हाउचरांवर शिक्के मारले. एक उलटा बसला.

मग नाखव्यांनीच त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तू सांगतोस ना, निळी पेटी, कुठून येते, कुठं जाते, आत काय हाय कुनाला दिसत नाय? आमच्या गावावं तसल्याच पेट्या हायेत, हजारो. माझा इचार सांगू? गाव कुठं गेलाच नाय. गाव हाय तिथंच हाय. ह्यो बंदरच फिरतीला आलाय. आज हाय, उद्या जाईल. आमची घरां खाली वाट बगतात."

चिरंजीव उडीच मारून उभा राहिला. "बाबा! ही सगळ्यांत भारी थिअरी आहे!"

मी कॉमर्सचा माणूस. बंदरं अशी फिरतीला येत नाहीत, त्यांचा घसारा किती वर्षांत किती टक्क्यांनी काढतात, हे मला येतं. शिवडीहून न्हावा शेव्यापर्यंत बावीस किलोमीटरचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ला खुला झाला. एवढा मोठा पूल कुणी पाहुण्यासाठी बांधत नाही, हेही मला कळतं. पण मी बोललो नाही. पासबुक मशीनमध्ये घातलं, शेवटच्या नोंदीखाली व्याजाची ओळ उमटली आणि दोन्ही हातांनी ते नाखव्यांना परत दिलं.

संध्याकाळी घरी जाताना पोरानं विचारलं, "बाबा, ते खरंच तसं मानतात?"

म्हटलं, "तसं नाही रे. रक्कम खरी आहे. फक्त ती कुठल्या खात्यात टाकायची ते अजून ठरलेलं नाही."

"म्हणजे सस्पेन्समध्ये?"

"हो," मी म्हणालो. "आणि ती परस्पर राइट ऑफ करायचा अधिकार माझ्या ग्रेडला नाही."