खानदेशातील जोडणीचे संगणक आणि सुट्या भागांची निवड : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

भारतातील वैयक्तिक संगणकाचा इतिहास प्रामुख्याने प्रोसेसरच्या वेगवाढीच्या अंगाने मांडला जातो. चाळीसगावसारख्या तालुक्याच्या गावी, खेळांसाठी घरी जोडलेल्या संगणकाचा विचार मात्र विजेपासून करावा लागतो. 1997 मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाल्यानंतर अनेक सुट्या भागांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने हटले. मुंबईचा लॅमिंग्टन रोड हा या भागांचा मोठा बाजार. मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील चाळीसगावहून तो थेट रेल्वेने गाठता येई. खरी अडचण पुढे होती. 2006 मधील ‘जीफोर्स 8800 जीटीएक्स’ या ग्राफिक्स कार्डासाठी (उदाहरण टोकाचे, पण बोलके) किमान 450 वॅटचा एसएमपीएस सुचविलेला होता. घरगुती वापराच्या 600 व्हीए यूपीएसची क्षमता साधारण 360 वॅट, आणि त्यावर मॉनिटरचाही भार. त्याच सुमारास ग्रामीण महाराष्ट्रात तासन्‌तास भारनियमन चाले. अशा स्थितीत मध्यम प्रतीच्या कार्डाची निवड ही केवळ काटकसर मानणे अन्यायाचे ठरेल. शिवाय खानदेशातील उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि अति तापलेला प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. त्यामुळे हवेशीर कॅबिनेट, जादा पंखा व खात्रीचा एसएमपीएस यांवरील खर्च येथे प्रोसेसरच्या खर्चाइतकाच विचारात घेणे भाग होते.