शिकाऱ्याचे वाचन

लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेची १८०५ साली अमेरिकेच्या पश्चिमेत ग्रिझली अस्वलाशी गाठ पडली. पुढे १८१५ साली जॉर्ज ऑर्ड यांनी त्याला 'हॉरिबिलिस', म्हणजे भयंकर, असे शास्त्रीय नाव दिले. या विशेषणाने अस्वलाविषयीचा निवाडा जणू आधीच देऊन टाकला आणि शिकारकथांनी तो शतकभर गिरवला.

विल्यम राइट यांच्या 'द ग्रिझली बेअर' (१९०९) या ग्रंथाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. अॅडम्स नावाच्या शिकाऱ्याच्या कथांनी भारावलेला हा न्यू हॅम्पशायरचा तरुण पश्चिमेत आला आणि शिकार मुख्यतः स्वतःच्याच निरीक्षणातून शिकला. माग काढायचा तर अस्वल काय खाते, केव्हा हिंडते, कोठे विसावते हे जाणणे भाग होते. मात्र हे ज्ञान वाढू लागले तशी ऐकीव कथा ढासळू लागली. सहसा माणसाला टाळणारे, जखमी झाल्यावर वा पिलांसाठी उसळणारे जनावर त्यांना दिसले. अखेर त्यांनी बंदूक ठेवून कॅमेरा घेतला.

हे हृदयपरिवर्तन निष्कलंक नव्हे. राइट यांचे ज्ञान मारलेल्या अस्वलांच्या मोलाने आलेले आहे आणि ग्रंथ ते लपवत नाही. अलास्का वगळता उरलेल्या सलग अमेरिकेत ग्रिझलीला कायद्याचे संरक्षण मिळाले ते १९७५ साली. तोवर कॅलिफोर्नियातून ते नामशेष झाले होते. वाचन अचूक होते; ते उशिरा झाले.